अनुमोदन नाकारण्याचा अभ्यास : वर्णद्वेष आणि अन्यायाविरुद्ध रोजच्या आचरणातला योग

आसने आणि प्राणायाम यांच्या पलीकडचा योग ज्यांनी नुकताच वाचायला घेतला आहे, आणि भोवतालचा वर्णद्वेष किंवा अन्याय दिसत असूनही आपण नेमके काय करावे हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी संस्कृत येण्याची किंवा एखाद्या संघटनेचे सभासद असण्याची गरज नाही. एक वही, दिवसातली पंधरा मिनिटे आणि स्वतःकडे न चुकवता पाहण्याची तयारी एवढे पुरेसे आहे.

आधी दोन सूत्रे

पतंजलींच्या योगसूत्रांतील दुसऱ्या पादाचे (अध्यायाचे) तिसावे सूत्र अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह (गरजेपलीकडे साठवून न ठेवणे) हे पाच यम, म्हणजे संयमाचे नियम, सांगते. बहुतेक नवे साधक ही यादी पाठ करून पुढे जातात. खरी अट मात्र लगेच पुढच्या सूत्रात आहे: ‘जातिदेशकालसमयानवच्छिन्नाः सार्वभौमा महाव्रतम्’. जन्माने ठरलेला प्रकार, स्थळ, काळ आणि प्रसंग यांपैकी कशाचीही सवलत न घेता पाळले, तरच हे यम महाव्रत ठरतात. योगसूत्रांवरील व्यासभाष्य या जुन्या टीकेत सवलत घेणाऱ्यांची उदाहरणे दिली आहेत. मासे मारणारा म्हणतो की माझी हिंसा माशांपुरतीच. कोणी म्हणतो की तीर्थक्षेत्री मारणार नाही, कोणी म्हणतो की चतुर्दशीला मारणार नाही. ‘आमच्यातल्या कोणाला असे बोललो नसतो’, ‘कामाच्या ठिकाणी बोलत नाही, मित्रांमध्ये चालते’ ही आजची वाक्ये त्याच साच्यातली आहेत.

दुसरे सूत्र त्याच पादातील चौतिसावे. हिंसा तीन प्रकारची असते असे ते सांगते: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदित. यांपैकी प्रत्येकीच्या मागे लोभ, क्रोध किंवा मोह असतो आणि प्रत्येकीची तीव्रता सौम्य, मध्यम किंवा तीव्र असते. असे सत्तावीस प्रकार होतात आणि भाष्यकार त्यांचे आणखी पोटभेद करून ती संख्या एक्क्याऐंशीपर्यंत नेतात. इतकी बारीक मोजणी अनावश्यक वाटेल. पण मी कोणाला मारले नाही, कोणाला शिवी दिली नाही, म्हणजे मी अहिंसक आहे, या समजुतीला ती जागाच ठेवत नाही.

अनुमोदन हा शब्द मराठी माणसाला सभेतून परिचित आहे. एकजण ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, आणि अनुमोदन मिळाले नाही तर तो ठराव सहसा चर्चेलाही येत नाही. कोणाच्या त्वचेच्या रंगावर, उच्चारावर किंवा कुळावर केलेला विनोद हाही असाच एक मांडलेला ठराव असतो, आणि आपले हसणे किंवा आपली शांतता हे त्याला मिळालेले अनुमोदन असते. सामान्य माणसाच्या हाती सर्वांत जास्त सत्ता याच जागी आहे असे मला वाटते. म्हणून पुढच्या बहुतेक पायऱ्या हे अनुमोदन काढून घेण्याच्या आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. ज्या समाजाने हे सूत्र जपले, त्याच समाजाने शतकानुशतके असंख्य माणसांना केवळ जन्मामुळे अध्ययनाच्या दाराबाहेर ठेवले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारलेल्या वांशिक भेदभावविरोधी कराराच्या व्याख्येत वंश आणि वर्ण (त्वचेचा रंग) यांच्या जोडीने ‘कुळ’ हाही आधार आहे, आणि त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००२ साली जातीवर आधारलेला भेदभाव त्यातच मोडतो असे स्पष्ट केले. त्यामुळे दूरदेशीच्या वर्णद्वेषाबद्दल हळहळायचे आणि जातीचा विषय निघाला की तो वेगळा आहे म्हणायचे, ही सवलत सूत्रही देत नाही आणि करारही देत नाही.

पहिली पायरी : शब्द आणि वस्तू वेगळी करणे

योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या आहेत. विपर्यय म्हणजे वस्तू आहे, पण ती जशी आहे तशी न कळता चुकीची कळणे. विकल्प त्याहून फसवा असतो: शब्द ऐकला की ज्ञान झाल्यासारखे वाटते, पण त्या शब्दाला जुळणारी वस्तूच नसते. ‘वंश’ या कल्पनेला जीवशास्त्रात जो अर्थ दिला गेला, तो मला या विकल्पाचे अचूक उदाहरण वाटतो. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लिवाँटिन यांनी १९७२ साली दाखवून दिले की मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच आढळते. ज्यांना आपण वेगवेगळे वंश म्हणतो त्यांच्यातल्या फरकाचा वाटा त्या मानाने फार थोडा आहे.

मात्र वस्तू नाही म्हणून परिणामही नाहीत असे समजू नये. या वस्तुशून्य शब्दावर कायदे बेतले गेले, वस्त्या विभागल्या गेल्या, माणसे विकली गेली. म्हणूनच ‘मला रंग दिसतच नाही, सगळे एकच आहेत’ हे उत्तर अपुरे पडते. गीतेच्या पाचव्या अध्यायातील समदर्शनाचा श्लोक पाहा. तो विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक असे भेद नावानिशी मोजतो आणि मग ज्ञानी माणूस या सर्वांकडे सम दृष्टीने पाहतो असे म्हणतो. (श्वपाक, म्हणजे कुत्र्याचे मांस शिजवणारा, हे त्या काळी तुच्छतेनेच वापरले जाणारे नाव होते, हेही वाचताना नजरेआड करू नये.) समदर्शनासाठी डोळे उघडे लागतात. समोरच्याला काय सोसावे लागते ते दिसलेच नाही, तर त्याच्याशी समतेने वागणार कसे?

या पायरीचा व्यायाम सोपा आहे. आठवडाभर, एखाद्या गटाविषयी ‘ते लोक असेच असतात’ अशा धाटणीचे वाक्य मनात आले किंवा कानावर पडले की ते वहीत जसेच्या तसे उतरवा. त्याखाली लिहा: हे मी पाहिले आहे की ऐकले आहे? पाहिले असेल तर किती माणसांत? आठवड्याच्या शेवटी पाने चाळलीत, की आपले ‘ज्ञान’ किती ठिकाणी केवळ शब्दावर उभे होते ते कळेल.

दुसरी पायरी : रोजची पंधरा मिनिटे

दिवस संपताना एका जागी बसा. पाच मिनिटे केवळ श्वासाकडे लक्ष द्या आणि उच्छ्वास सावकाश, थोडा लांबवत सोडा. श्वास बाहेर सोडून तेथे थांबण्याने चित्त स्थिर होते, असा उपाय पहिल्याच पादात सांगितला आहे. ज्यांना श्वास रोखल्याने त्रास होतो त्यांनी तो रोखू नये, सावकाश सोडणे पुरेसे आहे.

उरलेली दहा मिनिटे वहीची. पानावर तीन रकाने करा: केले, करवले, अनुमोदिले. पहिल्या रकान्यात आपण स्वतः बोललेले किंवा वागलेले येईल. दुसऱ्यात आपल्यासाठी दुसऱ्याने केलेले येईल, जसे की घर भाड्याने देताना ‘अमुक लोक नकोत’ हे मध्यस्थाकडून कळवणे. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामा राहील आणि पुढे बहुधा तोच सर्वांत जास्त भरेल. प्रत्येक नोंदीपुढे लोभ, क्रोध की मोह तेही लिहा. मोह म्हणजे येथे गोंधळ, न कळणे. माझ्या वहीत तिसऱ्या रकान्यातल्या बहुतेक नोंदींपुढे मी प्रथम ‘मोह’ लिहीत असे. काही महिन्यांनी लक्षात आले की तो मोह नव्हता, लोभ होता: चारचौघांत आपले चांगले नाव टिकवण्याचा लोभ. एका योगवर्गात नव्याने आलेल्या विद्यार्थिनीच्या रंगावरून कोणी काही बोलले, सगळे हसले आणि मी चटई गुंडाळत राहिलो. ती विद्यार्थिनी पुन्हा आली नाही. ती नोंद मी अजून पुसलेली नाही.

या वहीचा उपयोग स्वतःला दोष देत बसण्यासाठी करू नका. अविद्या (अज्ञान), अस्मिता (मीपणा), राग, द्वेष आणि अभिनिवेश (मृत्यूचे भय) हे पाच क्लेश, म्हणजे मनाला पीडणारे दोष, प्रत्येक चित्तात असतात असे हे शास्त्र मानते. येथे रागाचा अर्थ आसक्ती असा आहे. तुम्ही वाईट आहात की चांगले, हा वहीचा प्रश्न नाही. क्लेश कोणत्या प्रसंगी डोके वर काढतो हे तिने टिपायचे आहे.

तिसरी पायरी : प्रतिपक्षभावन

पूर्वग्रहाचा विचार आला की त्याच्या उलट विचार मनात आणावा, असा प्रतिपक्षभावनाचा अर्थ सर्रास सांगितला जातो. संशय आला तर ‘सगळे चांगले असतात’ असे घोकावे. हे फारसे टिकत नाही. सूत्रकारांनी सांगितलेली रीत अधिक कठोर आहे: या विचाराचे फळ दुःख आणि अज्ञान आहे आणि त्या फळाला अंत नाही, हे डोळ्यांसमोर आणणे म्हणजे प्रतिपक्षभावन.

समजा, मुलाखतीला आलेल्या उमेदवाराचे आडनाव वाचून किंवा चेहरा पाहून तुमच्या मनात शंका उमटली. तेथेच थांबा आणि ही शंका मी कृतीत आणली तर पुढे काय होईल ते पाहा. त्या माणसाची संधी जाईल, त्याला कारण कधीच कळणार नाही, आणि माझी समजूत न तपासता आणखी घट्ट होईल. मग त्याला तोच प्रश्न विचारा जो इतरांना विचारला आणि उत्तर त्याच मोजपट्टीने मोजा. मोजपट्टी मुलाखतीआधीच लिहून ठेवणे हे यातले सर्वांत उपयोगी काम आहे, कारण क्लेश जागा झाल्यावर बनवलेली मोजपट्टी क्लेशाचीच बाजू घेते.

चौथी पायरी : बोलण्याची तालीम

प्रसंग घडतो तेव्हा शब्द सुचत नाहीत, ही जवळजवळ प्रत्येकाची तक्रार असते. त्यावर उपाय आधी तालीम करणे हाच आहे, आणि त्याचा उत्तम दाखला इतिहासात आहे. जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय अमेरिकी धर्मोपदेशक १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते आणि तेथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर त्यांनी नॅशव्हिल शहरात विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतल्या. तेथे काहीजण हल्लेखोरांची भूमिका घेत, शिव्या देत, ढकलत, आणि इतरजण हात न उचलता व जागा न सोडता बसण्याचा सराव करत. फेब्रुवारी १९६० मध्ये हे विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसू लागले. त्यांना मारहाण झाली, अटक झाली. १० मे १९६० रोजी शहरातल्या काही दुकानांनी आपली उपाहारगृहे सर्वांसाठी खुली केली. त्या विद्यार्थ्यांचे धैर्य पूर्वतयारीतून आले होते. योगाच्या भाषेत तोच अभ्यास.

तुमची तालीम याहून खूप सोपी आहे. दोन-तीन वाक्ये निवडा आणि ती मोठ्याने, एखाद्या विश्वासू मित्रासमोर, पुन्हा पुन्हा म्हणा. ‘यात हसण्यासारखे काय आहे ते मला कळले नाही, जरा समजावून सांगाल का?’ ‘असे बोलणे मला मान्य नाही.’ ‘त्यांचे बोलणे पूर्ण होऊ द्या.’ वडीलधाऱ्यांशी बोलायचे असेल तर ‘आजोबा, तुमचा मान राखून सांगतो, पण हा शब्द मी या घरात पुन्हा ऐकू इच्छित नाही’ असे म्हणता येते. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे सांगितले आहे. यातल्या ‘प्रिय’ या शब्दाचा आधार घेऊन गप्प बसणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ‘सत्य’ आणि ‘हितकर’ हे शब्दही त्याच ओळीत आहेत हे पाहावे, आणि उद्वेग कोणाचा हेही विचारावे. अपमान झालेल्या माणसाचा उद्वेग तर आधीच झालेला असतो.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष प्रसंगी

पहिल्या पादातील तेहतिसावे सूत्र चार भावना सांगते: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यशीलाविषयी आनंद आणि पापशीलाविषयी उपेक्षा. या शेवटच्या शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, त्यामुळे अन्याय दिसला की दुर्लक्ष करावे असे योगच सांगतो, असा समज सहज होतो. पण सूत्रात एकाच प्रसंगी दोन माणसे असू शकतात: दुःख देणारा आणि दुःख भोगणारा. भोगणाऱ्यासाठी करुणा सांगितली आहे, आणि करुणा म्हणजे त्याचे दुःख दूर व्हावे ही इच्छा. उपेक्षा आहे ती देणाऱ्यासाठी, आणि तिचा अर्थ त्याच्याविषयीच्या द्वेषाने आपले चित्त भरू न देणे एवढाच. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की काय आधी करायचे ते आपोआप ठरते.

म्हणून एक लांब उच्छ्वास सोडा आणि प्रथम ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे त्याच्याकडे जा. त्याच्या शेजारी उभे राहा, ओळख असल्यासारखे बोलायला लागा, ‘तुमच्याबरोबर थांबू का?’ असे विचारा. पुष्कळदा एवढ्यानेच समोरच्याचा जोर ओसरतो. धोका वाटत असेल तर एकट्याने पुढे होऊ नका. जवळच्या दुसऱ्या माणसाला नेमके काम सांगा, किंवा तेथे जबाबदार असलेल्या व्यक्तीला बोलवा. घटनेचे चित्रण केले असेल तर ते ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या स्वाधीन करा. ते प्रसिद्ध करायचे की नाही हा त्याचा निर्णय आहे. दुसऱ्याच्या अपमानाचे दृश्य आपल्या नावे मिरवणे अस्तेयाच्या विरुद्ध जाते. सगळे संपल्यावरही विचारपूस करा आणि तक्रार करायची असेल तर साक्ष द्यायला तयार राहा. प्रसंगी गप्प राहिलेल्या माणसालाही ही नंतरची वाट मोकळी असते.

‘ज्याचे त्याचे कर्म’ असे म्हणून बाजूला होणाऱ्यांसाठी दुसऱ्या पादातील ‘हेयं दुःखमनागतम्’ हे सूत्र आहे: जे दुःख अजून आलेले नाही ते टाळायचे आहे. दुसऱ्याच्या भूतकाळाचा निवाडा करण्याचे काम साधकावर कोणी सोपवलेले नाही.

सहावी पायरी : व्यक्तीपलीकडचे

अन्याय केवळ बोलण्यात नसतो, नियमांत आणि सवयींतही असतो. येथे अस्तेय आणि अपरिग्रह हे यम उपयोगी पडतात. बैठकीत एकाने मांडलेली कल्पना दुसऱ्याच्या नावावर जाते तेव्हा ‘हा मुद्दा त्यांनी आधी मांडला होता’ असे सांगणे हे अस्तेय आहे. आपल्याला ओळखीतून मिळालेली माहिती, शिफारस किंवा बोलण्याची वेळ ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हा अपरिग्रह. तीन महिन्यांसाठी एकच नियम किंवा एकच सवय निवडा. भरती, वर्गातली बसण्याची व्यवस्था, भाडेकरूंच्या अटी, यांपैकी ज्यावर तुमचे खरोखर काही चालते ते घ्या.

स्वाध्याय हा शब्दही येथे दोन्ही अर्थांनी घ्यावा लागेल: स्वतःचा अभ्यास आणि जाणत्यांच्या लेखनाचा अभ्यास. जून १८९३ मध्ये गांधीजींना पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर रंगामुळे पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवण्यात आले, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतील सुरुवातीच्या लेखनात तेथील कृष्णवर्णीयांविषयी तुच्छतेची भाषा आढळते, हे सहसा शिकत नाही. अन्याय सोसलेल्या माणसाची अहिंसाही ‘जाति’ या सवलतीने मर्यादित राहू शकते, याचे हे उदाहरण आहे. ज्यांनी सोसले त्यांनी स्वतः लिहिलेले वाचा. त्यांना भेटल्यावर सगळे समजावून सांगण्याचा भार मात्र त्यांच्यावर टाकू नका.

जे स्वतः सोसत आहेत त्यांच्यासाठी

वरच्या पायऱ्या मुख्यतः पाहणाऱ्याला उद्देशून आहेत. ज्याच्यावर रोज हा प्रसंग येतो त्याच्यासाठी अहिंसेत तो स्वतःही येतो. प्रत्येक वेळी उत्तर देणे, प्रत्येकाला शिकवणे, शांत दिसणे, यांपैकी काहीही त्याचे कर्तव्य नाही. निघून जाणे ही हार नव्हे. क्रोध आला म्हणून साधना बिघडली असेही मानू नये. अन्याय ओळखता आला याची ती खूण असते, आणि त्या क्रोधाचे द्वेषात रूपांतर होऊ न देणे एवढेच काम उरते. नोंद ठेवा: तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार. पुढे तक्रार केलीत तर ती कामी येईल.

सातवी पायरी : टिकणे आणि चुकल्यावर परतणे

दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक केलेला अभ्यासच दृढ होतो, असे पहिल्या पादातील चौदावे सूत्र सांगते. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीने अमेरिकेतील माँटगोमेरी शहराच्या बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यानंतर तेथील कृष्णवर्णीय नागरिकांनी बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. एवढे दिवस लोक चालत किंवा एकमेकांच्या गाड्यांतून कामावर गेले. त्या एका नकाराची आठवण सर्वांना असते; पण वर्षभराच्या पायपिटीशिवाय तो नकार एकटा पडला असता. पार्क्स पुढील आयुष्यात योगासनेही करत असत; त्या योग करतानाचे १९७३ सालचे छायाचित्र अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जतन केलेले आहे.

म्हणून एकट्याने सुरुवात केलीत तरी पहिल्या महिन्यातच दोन-तीन सोबती जोडा. पंधरा दिवसांतून एकदा भेटा, वहीतली प्रत्येकी एक नोंद वाचा आणि पुढच्या पंधरवड्याचे एक काम ठरवा. भेट तासाभराहून लांबवू नका. सोसणारा कोणी गटात असेल तर आधी त्याला विचारा की या भेटीतून त्याला काय हवे आहे.

आणि चूक होईल. तुमच्याच तोंडून तो शब्द जाईल, किंवा कोणी तुम्हाला सांगेल की तुमच्या बोलण्याने त्याला लागले. अशा वेळी ‘माझा हेतू तसा नव्हता’ हे वाक्य आधी ओठांवर येते, कारण अस्मिता सर्वांत आधी जागी होते. ते वाक्य गिळा. एक श्वास सोडा आणि म्हणा: ‘मी असे बोललो ते चुकले. सांगितल्याबद्दल आभारी आहे. पुन्हा बोलणार नाही.’ समोरच्याने लगेच क्षमा करावी अशी अपेक्षा ठेवू नका आणि त्याच्याकडूनच सांत्वन मागू नका. मग रात्री वही उघडा आणि ती नोंद पहिल्या रकान्यात, तारखेसह, स्वतःच्या शब्दांत लिहा.